आम्ही पाणी प्यायलो आहोत

टिपणीसबाई गेल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय तोच आमच्या भागातल्या एका साहेबांचा माणूस दारात उभा. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता, मोठ्यातला मोठा. मांडणी त्याच्या डोक्यात तयार होती. वरच्या कोपऱ्यात गोलात बाईंचा फोटो, मधोमध हात जोडलेले साहेब, पायापासून डोक्यापर्यंत, आणि खाली कार्यकर्त्यांचे चेहरे. "बाईंचा फोटू लई मोठा नको घेऊ, साहेबांच्या डोक्याला लागतोय," त्यानं बजावलं. मशीन बंद आहे, असं मी त्याला सांगितलं. मशीन माझ्या पाठीमागे घरघरत होतं. त्यानं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या दुकानात गेला. फ्लेक्स लागायचा तो लागलाच. आठवडाभर त्याच्याखालून जा-ये करताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. हे लिहायला बसलो ते त्या रागानं.

माझं दुकान झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं. पिरंगुट मागे टाकून पौडकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमचं बाजाराचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मुळशीतला माणूस ओळखायचा तो ओळखेल, आणि न लिहिल्यानं दुकानाची काच तरी शाबूत राहील.

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जुळवत बसलो होतो. सत्तरीच्या आसपासची ठेंगणी बाई, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि सुतारासारखी कानावर पेन्सिल. त्या माझ्या खांद्यावरून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"यात विकायचं काय आहे?"

"विकायचं काही नाही. वाढदिवस आहे."

"मग हा गॉगल का घातलाय यानं?"

मला हसू आलं, पण गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलं होतं. बाईंनी आवाज न उतरवता विचारलं, "आणि एवढे चेहरे? रस्त्यानं जाणारा माणूस थांबून मोजणार आहे का? वाचणारा उभा नसतो हो, तो जात असतो." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की कधी कधी मीच गिऱ्हाइकांना ऐकवायला लागलो आणि दोन-तीन गिऱ्हाइकं घालवली.

बाईंची सगळी हयात मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात गेली होती. साबण, बिस्किटं, केसांचं तेल. "तुमच्या आईनं तो हिरवा साबण वापरला ना, तो माझ्यामुळे," त्या सांगायच्या आणि लगेच वर म्हणायच्या, "काही विशेष नव्हता हो तो." निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गावावरच्या डोंगरातल्या एका बंगल्यांच्या स्कीममध्ये घर घेतलं. स्कीमला इंग्रजी नाव आहे आणि वॉचमन हिंदी बोलतो. तिथली मंडळी सकाळी योगासनं करतात आणि संध्याकाळी गावातल्या लाउडस्पीकरबद्दल एकमेकांना मेसेज पाठवतात. बाईंना तिथे महिन्याभरात कंटाळा आला. त्या एसटीनं, मिळेल त्या टमटमनं खाली गावात यायला लागल्या. आठवड्यातले दोन दिवस उरवड्याच्या कारखान्यांतल्या मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत, एक दिवस शाळेत, आणि उरलेले दिवस कुणाशी तरी भांडण. "खोटं बोलायला मला पगार मिळायचा," त्या म्हणायच्या, "खऱ्याला कोणी देत नाही. म्हणून फुकट बोलते."

पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांना पाटी करून हवी होती. शाळेच्या भिंतीला लागून कचरा जाळायचे, त्याबद्दल. स्कीमच्या कमिटीनं मजकूर दिला होता : 'सर्व सुजाण नागरिकांना नम्र विनंती करण्यात येते की' असा सुरू होणारा आणि 'सहकार्याच्या अपेक्षेत' असा संपणारा. बाईंनी पेन्सिल काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा खोडला. मला विचारलं, जाळतं कोण? म्हटलं, आजूबाजूचेच, दुकानदार. त्यांची मुलं कुठे शिकतात? म्हटलं, त्याच शाळेत. मग त्यांनी लिहिलं, 'हा धूर तुमच्या मुलाच्या वर्गात जातो.' पाटी लागली. पंधरा दिवस कुणी काडी लावली नाही. सोळाव्या दिवशी कुणीतरी पाटीसकट जाळलं. बाई जळका पत्रा घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "संतोषराव, म्हणजे वाचली त्यांनी. दुसरी करा."

अशी बाई. आता ज्या गोष्टीसाठी मी एवढा पेटलो आहे ती सांगतो.

उन्हाळ्यात स्कीमच्या मंडळींच्या मनात आलं, बाजारात पाणपोई घालावी. रांजण आले, लाल फडकी आली, फोटो निघाले. टिपणीसबाईही उत्साहानं ओगराळं घेऊन उभ्या. रिक्षावाले प्यायले, हमाल प्यायले, कारखान्यातून सुटलेली बिहारची पोरं प्यायली. भाजी घेऊन बसलेल्या बायका मात्र हलल्या नाहीत. डोक्यावर ऊन, ओठ सुकलेले, आणि पुढे केलेला पेला हातानं मागे सारतात. बाईंना वाटलं, रांजणाचा विटाळ की काय. त्या तरातरा रशीदाभाभीकडे गेल्या.

रशीदाभाभीचं बाजारात कटलरीचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. बांगड्या, पिना, टिकल्या, रबरबँड. नवरा वारल्यापासून एकटी चालवते. बायका हात पुढे करून बसतात आणि ती बोलता बोलता अशी बांगडी चढवते की चढल्याचं कळतच नाही. तिनंही पेला परत केला.

"नको मॅडम. पानी पिलं की पंचाईत."

"कसली पंचाईत?"

रशीदाभाभीनं इकडेतिकडे पाहिलं. मी जवळच होतो, पण मला ती लहानपणापासून ओळखते. "जायाचं कुटं?" ती हळूच म्हणाली. "आदी मागं मोकळं रान व्हतं. आता पत्रे मारलेत. सकाळी घरून येताना जायाचं, ते रातच्याला घरी गेल्यावर. मग पानी पिऊन कसं चालंल?"

"रोज?"

"मग काय. कितीक वर्सं झाली." मग ती ओशाळून हसली. "आता डॉक्टर म्हनतोय मूतपिंडाला सूज हाय. पानी प्या, न्हाई तर बसायचं बंद करा. बसायचं बंद केलं तर खाऊ काय?"

टिपणीसबाई एवढ्या संतापलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या स्वतःवरच संतापल्या होत्या. दुकानात येऊन त्यांनी ओगराळं टेबलावर आपटलं. "चाळीस वर्षं मी लोकांना शिकवलं की आधी गिऱ्हाइकाला विचारा. आणि इथे फडकी बांधून पाणी वाटत उभी राहिले. फोटोसुद्धा काढला माझा!" पाणी त्यांच्या साडीवर उडालं होतं, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आणि यातली चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. बायकांचं स्वच्छतागृह बाजारात होतं! भाजीच्या ओळीमागे, फरशा लावलेलं, गुलाबी रंग दिलेलं, बांधून वर्ष उलटलेलं. त्याला कुलूप होतं. मला ते ठाऊक होतं, गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. आम्ही त्याच्या पायरीवर बसून चहा प्यायचो. कुलूप का, तर उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटन का नाही, तर फीत कोणी कापायची यावरून दोन साहेबांत जुंपली होती. कोनशिलेचा मजकूर मीच टाइप करत होतो. कधी एका साहेबांचं नाव वर जायचं, कधी दुसऱ्यांचं, आणि दर वेळी खाली चार नावं वाढायची. सगळी पुरुषांची. त्या इमारतीत ज्यांचं कधी पाऊल पडणार नाही, अशा माणसांची नावं तिच्यावर कुठल्या क्रमानं लिहायची यासाठी रशीदाभाभीचं मूत्रपिंड सुजत होतं.

बाई मला घेऊन ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेल्या. तिथले अधिकारी सभ्य होते, खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, साहेबांची तारीख मिळाली की लगेच उघडतो."

"तोवर बायकांनी काय करायचं?"

"बायका काय, घरूनच उरकून येतात."

"सकाळी. आणि संध्याकाळपर्यंत?"

अधिकाऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. "उद्घाटनाशिवाय वापर सुरू करता येत न्हाई, मॅडम."

"नियम दाखवता?"

"नियम असा न्हाई. पद्धत हाय."

बाईंनी चहाला हात लावला नाही. 

दुसऱ्या दिवशी त्या भाजीवाल्या बायकांत जाऊन बसल्या. हौसाबाई म्हणून माणच्या बाजूची एक म्हातारी आहे, मेथी-कोथिंबीर विकते. गावची शेतं कंपन्यांना गेली तरी बाजारात बसायची सवय गेली नाही, असं स्वतःच सांगते. ती म्हणाली, "उपोषनाला बसायचं व्हय? बसू की. तसं बी दुपारपतुर पोटात काय नसतंय."

"उपाशी तुम्ही रोजच बसता," बाई म्हणाल्या, "तहानलेल्या बसता. कोणी विचारलं? आपण उलटं करू. कुलपासमोर बसून पाणी प्यायचं. पोटभर."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी म्हणाली, "अगं बया, चारचौघांत? माणसं हसतील की." तिसरी उठूनच गेली. बाईंनी कुणाला आग्रह केला नाही. त्या म्हणाल्या, "लाज तुम्हाला वाटतेय. ती ज्याची आहे त्याच्याकडे पाठवायची आहे मला." तेव्हा रशीदाभाभी बोलली. "मी बसते. मला डॉक्टरनं सांगितलंच हाय."

फलक मी केला. मी आपला मागण्यांचा मजकूर तयार करून ठेवला होता, निवेदन, इशारा, सगळं. बाईंनी सवयीप्रमाणे सगळं खोडलं आणि एकच ओळ ठेवली : 'आम्ही पाणी प्यायलो आहोत.'

"मागणी कुठे आहे यात?" मी कुरकुरलो.

"तासाभरात कळेल त्यांना."

आठवडे बाजाराचा दिवस. रांजण पाणपोईतून उचलून पायरीशी आणले. रशीदाभाभी, हौसाबाई, आणखी दहा-बारा जणी आणि मधे टिपणीसबाई. बाईंनी पहिला पेला तोंडाला लावला, मग तांब्या फिरला. पहिली घटका नुसती चेष्टा चालली. पोरं मोबाईल धरून उभी. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "सांभाळून, पूर यील!" बायका खाली माना घालून पीत होत्या. पण जसजसा वेळ गेला तसं हसणं आटत गेलं. उरवड्याहून पहिली पाळी सुटून आलेल्या कारखान्यातल्या पोरी बसथांब्यावरून इकडे आल्या, फलक वाचला आणि पायरीवर टेकल्या. त्याही दिवसभर पाणी पीत नव्हत्या, हे मला तेव्हा समजलं. घोळक्यातले पुरुष आता एकमेकांची नजर चुकवायला लागले. रशीदाभाभीचा चेहरा ओढलेला दिसत होता. ती मांड्या आवळून, ओठ चावून बसली होती आणि बाईंनी तिचा हात हातात धरला होता.

अधिकारी आले. "मॅडम, हे बरं दिसत न्हाई."

"नाहीच दिसत," बाई म्हणाल्या.

किल्ली ठेकेदाराकडे. ठेकेदाराला फोन, तर किल्ली साहेबांच्या स्वीय सहायकाकडे. त्यांना फोन, तर साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या साहेबांचा माणूस तोवर पळत आला, आमच्या साहेबांना विचारल्याशिवाय उघडायचं नाही म्हणून. आणि हे सगळे फोन त्या बायकांच्या डोक्यावर उभं राहून चालले होते. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

शेवटी हौसाबाईच गुडघ्यावर हात देऊन उठली. तिनं अधिकाऱ्यांना सरळ विचारलं, "भाऊ, तुज्या हापिसात सोय हाय का रं?"

ते गडबडले. "हाय... म्हंजे स्टाफसाठी..."

"चल मग, दाव. चला गं!"

आणि सगळ्या उठल्या. भाजीवाल्या, कारखान्यातल्या पोरी, रशीदाभाभी, सगळ्यांची रांग कार्यालयाच्या दिशेनं चालायला लागली. अधिकारी पुढे होऊन दोन्ही हात पसरून उभे. मग जी किल्ली दोन साहेबांच्या मधे वर्षभर अडकली होती ती अवघ्या काही मिनिटांत मोटरसायकलवरून आली. ती कुलपात फिरेना, गंजलं होतं. हौसाबाईनं आपल्या तराजूतलं दोन किलोचं वजन आणलं आणि घातलं कुलपावर. आत नळाला पाणीच नव्हतं, जोडलं नव्हतं. पिऊन उरलेल्या पाण्याचे रांजण आत नेले.

रशीदाभाभी पहिली गेली. बाहेर आली तेव्हा रडत होती.  टिपणीसबाई पायरीवर बसून बूट काढून तळवे चोळत होत्या.

त्यानंतर मात्र रशीदाभाभीच्या गल्ल्याशेजारी पाण्याची बाटली दिसायला लागली. "निम्मी दुपारपतुर संपवायची," ती मला सांगायची, "मॅडम येऊन बगतात." सूज उतरत होती. डॉक्टरनं बसायला परवानगी दिली होती, पाणी चुकवायचं नाही या अटीवर. बाई रोज खरंच येऊन बाटली उचलून बघायच्या आणि भरलेली दिसली तर लहान पोरीला रागवावं तशा तिला रागवायच्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. पण साहेब लोकांना चैन पडेना. लोकांनी कुलूप तोडून उघडलेली वास्तू म्हणजे नाकच कापल्यासारखं. दोघांचं एक झालं, फीत दोघांनी मिळून कापायची ठरली, आणि पंधरवड्यानं चालू स्वच्छतागृहाचं उद्घाटन जाहीर झालं. वर टिपणीसबाईंचा सत्कारही. आणि उद्घाटनाच्या सकाळी त्याला नवं कुलूप लावलं. कशासाठी? साहेब येईपर्यंत स्वच्छ राहावं म्हणून!

त्या दिवसानंतर बाई माझ्या दृष्टीस पडल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या धाकट्या बहिणीकडे मुंबईला गेल्या, चार दिवसांत परत येते म्हणाल्या होत्या. तिथेच झोपेत हृदय बंद पडलं. मला जाताही आलं नाही. फार चुटपुट लागून राहिली आहे, खोटं कशाला सांगू. त्यामुळे माझ्याकडे त्या उद्घाटनाच्या दुपारच्याच बाई आहेत.

वेळ सकाळची दिली होती. दुपार कलली तरी साहेबांचा पत्ता नाही. मांडवात बाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून बसल्या होत्या. समोर गुलाबी दार, दाराला झेंडूची माळ, आडवी लाल फीत आणि कुलूप. रशीदाभाभीनं डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे निम्मी बाटली संपवली होती. ती दोनदा दाराशी येऊन गेली, कार्यकर्त्यांनी दोनदा परत पाठवली. तिसऱ्या वेळी ती ताडपत्री उतरवायला लागली. घर घोटावड्याच्या बाजूला, बस बदलून जायचं. बाईंनी मान वळवून ते पाहिलं.

तेवढ्यात गाड्या आल्या. बँड सुरू झाला. धावपळीत कुणीतरी कुलूप काढलं, दार उघडून ठेवलं, फीत तेवढी आडवी राहिली. दोन्ही साहेब आधी व्यासपीठावर गेले. हार झाले, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक झालं. बाईंचं नाव सत्कारासाठी पुकारलं तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

त्या रशीदाभाभीला मनगटाला धरून घेऊन येत होत्या. कॅनव्हासच्या बुटांनी मांडवाच्या मधोमध चालत, व्यासपीठाकडे न बघता. दारापाशी आल्या, फीत वर उचलली आणि म्हणाल्या, "जा." रशीदाभाभी आत गेली. बाई वळून दारात उभ्या राहिल्या.

साहेब तोवर खाली उतरले होते. तबकात मखमलीवर दोन कात्र्या, मागे फोटोग्राफर. बाईंनी हात वर केला.

"थांबावं लागेल. आत बाई गेली आहे."

बँड अडखळत थांबला. "मॅडम, जरा बाजूला होता का?" सहायक कुजबुजला. "साहेबांना पुढे कार्यक्रम आहे. किती वेळ लागेल?"

"तिला लागेल तेवढा."

 आत बादलीत टमरेल बुडाल्याचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू आला. रशीदाभाभी पदरानं हात पुसत बाहेर आली, समोर कात्र्या घेतलेले साहेब बघून गोंधळली आणि मान खाली घालून बाजूला झाली. सहायकानं साहेबांना पुढे होण्याची खूण केली. पण फितीसमोर आता रांग लागली होती. भाजीवाल्या होत्या, सकाळपासून मांडव भरायला आणून बसवलेल्या बायका होत्या, बचत गटाच्या, अंगणवाडीच्या, आणि सगळ्यांच्या पुढे हौसाबाई.

"आता यांचा नंबर," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कात्र्या परत तबकात ठेवल्या. हौसाबाईला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून टिपणीसबाई टाचा उंचावून, दोन्ही हातांनी ती लाल फीत होईल तेवढी वर धरून उभ्या होत्या.